नकाशाबाहेरचे पाणी

गोंदिया जिल्ह्यात पाऊस धरला आणि धानाच्या बांध्यांत पाणी साचले की सारसाची जोडी घरट्याच्या कामाला लागते. लव्हाळे, गवत, धानाची पाने ओढून पाण्यातच एक उंचवटा रचायचा, त्यावर बहुधा दोन अंडी घालायची आणि नर-मादीने आळीपाळीने महिनाभर ती उबवायची, असा तिचा शिरस्ता. पिले चालती झाली की आईबाप त्यांना तलावाच्या उथळ कडेला नेतात. तिथे चिखलात कंद असतात, गोगलगायी, बेडूक, किडे असतात. धान कापले गेले, शेते कोरडी पडली, तलाव आटू लागले की हीच कुटुंबे बाघ आणि वैनगंगेच्या पात्रालगत दिसू लागतात. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ याच एका टापूत उरला आहे, तोही काही डझनांत. त्याच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आहे.

सारसाला वर्षभर तीन ठिकाणे लागतात: धानाची बांधी, सिंचनाचा तलाव आणि नदीचा काठ. आता देशाचे पाणथळ संरक्षण व व्यवस्थापन नियम, २०१७ उघडावेत. पाणथळ जागेची व्याख्या त्यात चांगली ऐसपैस आहे. नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, बारमाही किंवा हंगामी, वाहते किंवा साचलेले, गोडे किंवा खारे असे सगळे पाणी तिच्यात येते. मात्र त्याच वाक्याच्या शेवटी वगळलेल्या गोष्टींची यादी आहे. नद्यांची पात्रे, भातखाचरे, खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेली कामे ही पाणथळ मानायची नाहीत. सारसाचे तिन्ही मुक्काम या यादीत निघतात. पक्षी पाण्यात उभा आहे आणि कायद्याच्या लेखी तिथे पाणथळ नाही.

हा लेख या वर्गवारीबद्दल आहे. पाणथळींचे प्रकार कोण ठरवतो, कशावरून ठरवतो, आणि एखादे पाणी चुकीच्या रकान्यात पडले की जमिनीवर काय होते, हे महाराष्ट्रात आणि गोव्यात पाहता येते. नकाशावर एखाद्या जागेला कोणते नाव मिळाले यावर तिचे आयुष्य ठरत आहे. म्हणून हा विषय तज्ज्ञांच्या बैठकीपुरता ठेवून चालणार नाही.

बेचाळीस प्रकार, तीन प्रश्न

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी पाणथळींविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. या कराराने पाणथळींचे तीन मोठे गट मानले: सागरी व किनारी, भूप्रदेशातील आणि मानवनिर्मित. त्यांच्या पोटात मिळून बेचाळीस प्रकार येतात. तिसऱ्या गटात शेततळी, मिठागरे, धरणांचे जलाशय, कालवे आणि भातखाचरेसुद्धा आहेत. २००८ साली दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे भरलेल्या रामसर परिषदेने तर भातशेतीला पाणथळ व्यवस्था म्हणून महत्त्व देणारा वेगळा ठराव केला. जे आंतरराष्ट्रीय करारात आत आहे ते आपल्या नियमांत बाहेर आहे.

अमेरिकेत १९७९ साली लुईस कावर्डिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मत्स्य व वन्यजीव सेवेसाठी वेगळी पद्धत तयार केली. समुद्र, खाडी, नदी, सरोवर आणि दलदल अशा पाच मोठ्या व्यवस्था धरायच्या आणि मग तळ कशाचा आहे, वनस्पती कोणती, पाणी किती काळ टिकते असे एकेक पायरी उतरत जायचे. १९९३ मध्ये मार्क ब्रिन्सन यांनी आणखी मूलभूत तीन प्रश्न पुढे ठेवले. ही जागा भूरूपात कुठे बसली आहे? तिचे पाणी येते कुठून, पावसातून, झऱ्यातून की पुरातून? आणि ते पाणी हलते कसे?

या तीन प्रश्नांत संवर्धनाची सगळी मेख आहे. वर दिसणारी झाडे आणि पक्षी बदलत असतात. पाणी येण्याची आणि जाण्याची वाट बदलली तर ती पाणथळच बदलते. एका प्रकारच्या पाणथळीला जे जगवते तेच दुसरीला मारते. महाराष्ट्रातली तीन रामसर स्थळे याचा उत्तम पुरावा आहेत.

तीन स्थळे, तीन पथ्ये

नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. दरवर्षी पुराबरोबर गाळ आला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती रुजल्या, काठाला झाडी दाटली. त्यातून नांदूर मधमेश्वर उभे राहिले. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि पुढे राज्यातले पहिले रामसर स्थळ. क्षेत्र १,४३७ हेक्टर. गाळ बेतात साचला म्हणून ही जागा घडली. तोच बेसुमार साचला तर ती भरून जमीन होईल. बंधाऱ्याचे दरवाजे केव्हा उघडतात आणि वरच्या धरणांतून आवर्तन केव्हा सुटते, यावर इथल्या पक्ष्यांचे वर्ष चालते.

लोणारचे गणित याच्या उलटे. बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले ते विवर आहे. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. बाष्पीभवनाने क्षार साठत गेले आणि पाणी तीव्र अल्कधर्मी, खारे झाले. त्या पाण्यात तगणारे सूक्ष्मजीव हे लोणारचे खरे वैभव. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी दिसू लागले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा तो परिणाम असल्याचे दाखवले. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेले. गोड्या पाण्याचा लोंढा किंवा सांडपाणी नांदूर मधमेश्वरला काही काळ सोसेल. लोणारच्या पाण्याचा गुणधर्मच त्याने पालटू शकतो. एरवी तलावात पाणी वाढले की आपण आनंदतो. इथे वाढणाऱ्या पाण्याकडे काळजीने पाहावे लागते.

तिसरे ठाण्याच्या खाडीचे. २०२२ साली यादीत आलेल्या या साडेसहा हजार हेक्टरांच्या स्थळाचा प्राण भरती-ओहोटी आहे. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. उतरल्यावर चिखलाची मैदाने उघडी पडतात आणि तिथले शेवाळ व बारीक जीव टिपायला रोहित पक्षी येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत त्यांची संख्या लाखापलीकडे गेलेली आहे. भरतीला खाडीतली मैदाने बुडाली की हे पक्षी नवी मुंबई आणि उरणकडच्या उथळ तळ्यांवर विसाव्याला जातात. त्या तळ्यांत भरतीचे पाणी नेणारी एखादी नळवाट रस्त्याच्या भरावाखाली बुजली तर तळे पाण्याने भरलेलेच दिसते. पण ते कुबट होते, शेवाळ माजते, पक्षी येत नाहीत. भिंत बांधून, गाळ उपसून, कारंजे लावून त्याला सुशोभित तलाव करता येईल. पाणथळ मात्र उरणार नाही. अशा जागेला फक्त तिची भरती परत द्यावी लागते.

म्हणूनच वर्गवारी आधी आणि उपाय नंतर. 'तलाव संवर्धन' नावाच्या एकाच साच्यातून या तिन्ही जागा काढल्या तर तिन्ही बिघडतील.

मालगुजारी तलावांची कडा

पुन्हा पूर्व विदर्भात येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने त्यांतले बरेच बांधले. उताराची जमीन हेरायची, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला पायऱ्यापायऱ्यांचा तुडुम बसवायचा, जास्तीचे पाणी काढायला सलंग ठेवायचा. मोठ्या तलावाच्या वर-खाली छोट्या बोड्या. एकाचे ओसंडलेले पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचे बांध्यांत. जमीनदारी संपल्यावर १९५० च्या दशकात हे तलाव सरकारकडे गेले आणि कागदोपत्री माजी मालगुजारी, म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले.

सिंचन खात्याच्या नोंदीत असा तलाव म्हणजे साठवण क्षमता आणि सिंचित क्षेत्र असे दोन आकडे. धीवर समाजाच्या माणसाला तोच तलाव अनेक भागांचा दिसतो. पाळीजवळचे खोल पाणी वेगळे, मधला उतार वेगळा, वरच्या अंगाची दलदल वेगळी. खोल पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पती, मध्यावर तरंगत्या पानांच्या, कडेला लव्हाळे आणि देवधान. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणत्या कडेला कोणता पक्षी उतरतो, हे त्यांना पिढ्यांच्या मासेमारीतून ठाऊक असते. ही तलावाची वर्गवारीच आहे, आणि कोणत्याही संस्थेच्या तक्त्याइतकी बारीक आहे.

भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे हे ज्ञान समजून घेतले आणि त्यावरच कामाची आखणी केली. त्यांना आढळले की कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यावर भर देताना स्थानिक मासे मागे पडले, आणि तलावांच्या कडा बेशरमाच्या झुडपांनी गिळल्या. मग गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत धीवर महिला पुढे आल्या. त्यांनी बेशरम मुळासकट उपटले, तळ नांगरला, शेजारच्या चांगल्या तलावांतून स्थानिक पाणवनस्पती आणून जिथली तिथे लावल्या. खोल भागाच्या खोल भागात, कडेच्या कडेला. मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या माशांना पुन्हा आसरा मिळाला, पक्षी आले, आणि घरच्या ताटात मासळी आली. 'जिथली तिथे' हा या कामाचा गाभा. कोणती वनस्पती कोणत्या पट्ट्यातली हे माहीत नसते तर नुसत्या लागवडीने काही साधले नसते.

याच्या उलट अनुभव सरसकट खोलीकरणाचा आहे. गाळ काढून शेतात टाकणे ही कल्पना चांगली, आणि गावे पूर्वापार ते करत आली. पण यंत्र उतरवून तलावाच्या सगळ्या अंगांनी सारखेच खणले की उतरती कड जाऊन खड्ड्याची उभी भिंत तयार होते. पाणी वाढते, आकडा वाढतो. मात्र सारसाला उभे राहायला वीतभर पाण्याचा पट्टा उरत नाही, माशाला अंडी घालायला वनस्पती उरत नाहीत. तलावाची दलदलीची कड निरुपयोगी वाटते, आणि त्याच कडेवर सर्वाधिक जीव जगतात. खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात 'उथळ कड राखणे' अशी एक ओळ घालायला खर्च येत नाही. ती ओळ अजून सक्तीची नाही.

सव्वादोन हेक्टरांची सीमा

२०११ साली इस्रोच्या अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्राने राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. उपग्रहाच्या चित्रांवरून एकोणीस वर्गांत देशाच्या पाणथळी मोजल्या गेल्या. सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळी २,०१,५०३ निघाल्या. सगळ्यांचे मिळून क्षेत्र दीड कोटी हेक्टरांहून अधिक, म्हणजे देशाच्या भूमीच्या ४.६३ टक्के. हे फार मोठे काम होते. न्यायालयांनी पुढे याच यादीचा आधार घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या २,०१,५०३ जागांना २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण द्यायला सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये, नव्या मोजणीत संख्या २,३१,१९५ झाल्यावर, प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी व सीमांकन करण्याचा आदेश राज्यांना दिला.

पण सव्वादोन हेक्टर हा आकडा आला कुठून? एकास पन्नास हजार या प्रमाणाच्या नकाशावर त्याहून लहान जागेची हद्द नीट काढता येत नाही, म्हणून. ती नकाशाची मर्यादा होती. तिच्यात पर्यावरणाचा निकष नव्हता. त्याच संग्रहात याहून लहान अशा ५,५५,५५७ पाणथळी केवळ ठिपके म्हणून नोंदल्या आहेत. संख्येने त्या मोठ्या पाणथळींच्या जवळपास पावणेतीनपट. नकाशाची मर्यादा हळूहळू कारभाराची मर्यादा झाली, आणि साडेपाच एकरांखालची बोडी, गावतळे, डबके संरक्षणाच्या चर्चेतूनच गळाले. बेडूक, कासवे, पाणसाप यांच्या दृष्टीने मात्र दोन मोठ्या तलावांमधला हा ठिपकाच वाटेतला मुक्काम असतो. तो बुजला की मोठे तलाव एकमेकांपासून तुटतात.

२०१० च्या नियमांशी ताडून पाहिले तर घसरण आणखी स्पष्ट होते. त्या नियमांच्या व्याख्येत तलाव, जलाशय, मानवनिर्मित पाणथळी स्पष्टपणे आत होत्या. सात वर्षांत त्यांतल्या बहुसंख्य बाहेर गेल्या. त्या सात वर्षांत जमिनीवरचे पाणी बदललेले नव्हते, व्याख्या बदलली होती.

उपग्रहाला न दिसणारे

काही जागा लहान म्हणून सुटतात, काही वेगळ्याच दिसतात म्हणून. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे येथे जंगली जायफळांची दलदल आहे. वरून पाहिले तर इतर सदाहरित जंगलासारखेच जंगल. आत गेल्यावर पायाखाली वर्षभर पाझरणारे पाणी लागते, आणि चिखलातून श्वासासाठी वर आलेली गुडघ्यांसारखी मुळे दिसतात. पश्चिम घाटातला हा फार प्राचीन आणि आता अतिदुर्मीळ परिसंस्थेचा प्रकार. राज्याने या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला, क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. गोव्यात सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राई याच प्रकारची. या दोन्ही ठिकाणी देवराईच्या श्रद्धेने झाडे राखली. झरा वरच्या अंगाला वळवून बागेला नेला तर मात्र श्रद्धाही त्यांना वाचवू शकत नाही. तिथे झाडांआधी झऱ्याला संरक्षण हवे.

कोकणातले सडे हे दुसरे उदाहरण. उन्हाळ्यात जांभ्याचे रखरखीत, काळे पठार. पावसाळ्याचे चार महिने त्यावर पाण्याचा पातळ थर, खळगी, छोटी तळी. त्यांत कीटकभक्षी वनस्पती, गेंद, वायतुरा यांचे गालिचे. आंबोलीच्या सड्यावर तिथेच सापडणारा आणि अतिसंकटग्रस्त ठरलेला भेक अंडी घालतो. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या खडकाळ परिसंस्थांचे महत्त्व सातत्याने मांडले आहे. तरी जमिनीच्या नोंदीत सडा पडीक असतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात तर 'नापीक खडकाळ' असा वर्गच आहे. पडीक म्हटले की सुरुंग लावायला, भराव टाकायला, प्रकल्प आणायला मन कचरत नाही. हंगामी पाणथळ हा शिक्का सड्यावर बसला असता तर निदान चर्चा वेगळ्या जागेपासून सुरू झाली असती.

नदीचा काठ कोणाचा?

सर्वांत उपेक्षित वर्ग नदीकाठाचा. नदीचे पात्र नियमांनी वगळले, आणि काठ म्हणजे पाण्याची आणि जमिनीची सरमिसळ, तिला तर नावही नाही. एकाच नदीत डोह असतो, खडकाळ धावते पाणी असते, वाळूचे बेट असते, पुरात बुडणारी गाळाची पट्टी असते. वाळुंज, शेरणी, करंज, उंबर आपापली जागा धरून असतात. शेरणी प्रवाहाच्या माऱ्यात खडक धरून उभी राहते. वाळुंज ओल्या काठाची माती मुळांनी बांधते. उन्हाळ्यात नदी तुटली की मासे डोहात जगतात. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवीच्या श्रद्धेने मासेमारी होत नाही, म्हणून तिथे महसीर टिकला आहे. वाळू उपशाने डोह भरतात किंवा फुटतात. दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घातली की काठ संपतोच.

आपल्याकडे नदीकाठाच्या दोन रेषा प्रचारात आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. त्या माणसांच्या घरांना धोका कुठवर आहे ते सांगतात. झाडीचा पट्टा कुठवर हवा, माशांचा डोह कुठे आहे, हे त्या सांगत नाहीत. नदीकाठच्या उद्योगांवर अंतराचे बंधन घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण होते, तेही २०१५ साली मागे घेतले गेले. तेव्हापासून काठाची पर्यावरणीय हद्द सांगणारी कोणतीही रेषा महाराष्ट्रात नाही. तिची नोंद करायची तर नदीचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याचा प्रकार लिहूनच करावी लागेल.

वापरातले पाणीही पाणथळच

वापरातल्या पाण्याला पाणथळ मानले तर शेतकऱ्याचे हक्क जातील, अशी भीती घातली जाते. गोव्याचा दाखला तिच्यावर पुरेसा आहे. कुडचड्याजवळची नंदा तळी, अवघी ४२ हेक्टरांची, २०२२ साली गोव्याचे पहिले रामसर स्थळ झाली. पावसाळा सरल्यावर पाणी अडवायचे, खालच्या शेतीला पुरवायचे, आणि पुन्हा जमीन मोकळी करायची, असे तिचे चक्र आहे. शेती आहे म्हणून तळी आहे. गोव्याच्या खाजन जमिनीत बांध आणि मानशीच्या दारांनी खाडीचे पाणी आत-बाहेर करून भात, मासे आणि मीठ ही तिन्ही पिके घेतली गेली. आपल्या नियमांनी नेमक्या याच तीन उपयोगांचे पाणी वगळले आहे, आणि खाजनांतल्या पाणथळी याच तीन उपयोगांनी घडवल्या आहेत. गोंदियाचा धानउत्पादक सारसाचे घरटे दिसले की तेवढा तुकडा सोडून कापणी करतो. त्याला बाजूला सारून नव्हे, त्याच्याबरोबरच संरक्षण होईल.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. व्याख्येतली वगळलेल्यांची यादी काढून टाकावी. निदान ज्या सिंचन तलावांवर, मिठागरांवर, भातखाचरांवर आणि नदीपट्ट्यांवर वन्यजीव अवलंबून आहेत ते राज्याने स्वतंत्र अधिसूचनेने संरक्षणात घ्यावेत. न्यायालयाने सांगितलेली पडताळणी करताना सर्वेक्षकाने हद्दीबरोबर तीन गोष्टी लिहाव्यात: पाणी कुठून येते, किती काळ राहते, कुठे जाते. सव्वादोन हेक्टरांखालच्या जागा ग्रामपंचायतींकडून नोंदवून घ्याव्यात.

शेवटचे काम आपल्याला आजच करता येते. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही. दिवाळीत गावी गेलात तर ती नोंदवही मागा. आपल्या गावची बोडी, कोंड, सड्यावरचे तळे, नदीचा डोह तिच्यात आहे का, ते पाहा. नसेल तर मासेमारी करणाऱ्या, गुरे चारणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसांना सोबत घेऊन त्यांच्या शब्दांत ती जागा लिहून घ्या: तिचे नाव, तिचा प्रकार, तिचे पाणी आणि त्यात जगणारे जीव. उद्या भरावाचा ट्रक आला तर ग्रामसभेत दाखवायला तोच पहिला कागद असेल.